स्टीलची कांडी आणि माझा डावा हात

"डावाच ना?"

आजारपणात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हा. भेटायला आलेला माणूस स्टुलावर टेकायचा, बँडेजकडे बघायचा आणि त्याच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं स्वच्छ दिसायचं. डावाच ना? मग बरं. जणू डावा हात मला जास्तीचा सुटा भाग म्हणून मिळाला होता.

आधीच सांगून टाकते. मी आता बरी आहे. डाव्या हाताची तर्जनी नाही, मधल्या बोटाचं टोक नाही, अंगठा आहे. हे मी सहानुभूतीसाठी लिहीत नाही. सहानुभूती मला भरपूर मिळाली आणि तिचा काडीचाही उपयोग झाला नाही. ज्यांच्या हातावर न भरणारी जखम आहे आणि जे डॉक्टर बदलत फिरताहेत, त्यांच्यासाठी लिहिते आहे. ज्यांच्या दुकानात कुठून आला ते माहीत नसलेला धातूचा तुकडा पडला आहे, त्यांच्यासाठीही. आमच्या नातेवाइकांनी वाचलं तरी चालेल.

नवं हत्यार

आमचं तांब्याच्या भांड्यांचं दुकान कसबा पेठेत आहे. मागे दोन खोल्या, त्याला आम्ही कारखाना म्हणतो. राहायला बिबवेवाडीला. सासऱ्यांच्या मागे कारखाना मी आणि माझे धाकटे दीर प्रमोदभाऊजी चालवतो. विभागणी स्पष्ट आहे: माल आणि मोड, म्हणजे धातूचं भंगार, घेणं त्यांच्याकडे, बाकी सगळं माझ्याकडे. माझे यजमान खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले आणि आता गल्ल्यावर बसतात. आयुष्यभर स्फोटकांजवळ काम करून हा माणूस दहाही बोटं शाबूत घेऊन घरी आला. मी दिवे बनवत होते.

खंडेनवमीला आमचा कारखाना बंद असतो. सगळी हत्यारं धुवायची, पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडू घालायचा. हे सगळ्यांकडेच होतं. आमच्या घरात त्याला एक जोड आहे. वर्षभरात जे नवं हत्यार आलं असेल त्याला पहिला हात घरच्या बाईने लावायचा. तिने ते स्वतः धुवायचं, सगळ्यांच्या पुढे मांडायचं आणि दसऱ्यानंतरचं पहिलं काम त्यानेच करायचं. आधी सासूबाई करायच्या, मग मी. त्या वर्षी नवं काही घेतलंच नव्हतं.

"काहीतरी द्या की, भाऊजी. पुढे मोकळी जागा ठेवून पूजा कशी करू?"

भाऊजींनी मोडीच्या पोत्यात हात घालून एक कांडी काढली. स्टीलची, गुळगुळीत, करंगळीच्या दोन पेरांएवढी.

"ही चालेल? ते शिशाचं धूड घेतलं ना परवा, त्याच्या पोटातून निघाली. स्टील झकास आहे."

"कसलं धूड?"

"आहे कुठल्यातरी कंपनीतलं. जड होतं, घेतलं."

मोडीत आलेल्या वस्तूवरची नावं, पट्ट्या, रंग आमच्या धंद्यात सगळ्यात आधी पुसून टाकतात. माल आपला झाला की त्यावर दुसऱ्याचं नाव नको, असा रिवाज आहे. त्या धुडावर पिवळी पट्टी होती आणि तिच्यावर तीन पात्यांची काळी खूण. भाऊजींनी ती थिनरने पुसली होती. मी पाहिलं तेव्हा ते नुसतं करडं धूड होतं.

मी कांडी साबणाने धुतली, राखेने घासली, लख्ख केली. पाटावर सगळ्यांत पुढे ठेवली. मागे टेकण म्हणून ते धूडच उभं केलं आणि त्याच्या डोक्यावर झेंडूचं फूल ठेवलं. मुक्ताने, म्हणजे आमच्या मुलीने, फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडले.

कड्या

दसऱ्यानंतर आमच्याकडे लटकत्या दिव्यांचं काम असतं. त्यांच्या साखळ्यांच्या कड्या मी स्वतः करते. तार कशाभोवती तरी गुंडाळायची, काढायची, कापायची. आजवर मी मोठा खिळा वापरत होते. ही कांडी अगदी मापात बसली. डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत ती धरायची आणि उजव्या हाताने तार फिरवायची. दिवाळीपर्यंत मी रोज दुपारी तेच करत होते. इतक्या एकसारख्या कड्या मी त्याआधी कधी केल्या नव्हत्या.

एका दुपारी भाऊजी कारखान्याच्या दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी, ती कांडी कुठे आहे?"

"ही काय, हातात."

"मला जरा हवी होती."

"कशाला?"

भाऊजी दाराची कडी वर-खाली करत राहिले. मी तार फिरवतच होते.

"कशाला ते सांगा, लगेच देते. अर्धं काम टाकून नाही देणार."

"राहू दे," म्हणाले आणि गेले.

हा प्रसंग लक्षात ठेवा. मी ठेवला आहे.

तीन डॉक्टर

दिवाळीच्या आधी बोटं लाल झाली. मग सुजली. पहिल्या डॉक्टरांनी साबण बदलायला सांगितला. बोटांवर फोड आले तेव्हा दुसऱ्यांनी अॅसिडची अॅलर्जी ठरवली आणि रबरी मोजे दिले. फोड फुटून खालची कातडी करडी पडली तेव्हा तिसऱ्यांनी मला मधुमेह असणार असं जाहीर केलं. तपासणीत मधुमेह निघाला नाही, तर ते माझ्यावरच नाराज झाले.

दुखणं कसं होतं ते एकदाच सांगते. नखाखाली कोणीतरी निखारा ठेवला आहे आणि तो विझत नाही, असं. गार पाण्यात हात घातला तरी आतून धग. मी चिडचिडी झाले. आमच्या घरात त्यामुळे फार फरक पडला असं कोणी म्हणालं नाही.

काम संपलं होतं. दिवाळीचं सामान आवरून मी माळ्यावर टाकलं. माझ्याकडे प्रत्येक वस्तूला जागा असते. कांडीलाही दिली.

निदानाचा दिवस

चौथ्या डॉक्टर म्हणजे मोठ्या रुग्णालयातल्या, भाजलेल्यांच्या विभागातल्या. मुक्ताच्याच वयाच्या असतील. त्यांनी हात उलटसुलट पाहिला आणि खुर्ची पुढे ओढली.

"काकू, हे भाजलेलं आहे. कशाने भाजलं ते तुम्हाला माहीत नाही, हे मला आवडत नाहीये. गेल्या दोन महिन्यांत हातात काय काय धरलं?"

मी यादी करूनच गेले होते. अॅसिड, पॉलिश, डाग द्यायचं कथील, कोळसा, सगळं. त्यांनी ती नीट वाचली आणि परत दिली.

"यातलं काही नाही."

हत्यारांच्या ओळीत मी लिहिलं होतं: हातोड्या, कात्र्या, पकडी, इतर. आयुष्यभर याद्या करत आले, पण 'इतर' हा शब्द किती नालायक आहे हे त्या दिवशी कळलं.

रक्ताचा रिपोर्ट आला. त्यात पांढऱ्या पेशी कमी होत्या. डॉक्टरांचा आवाज बदलला. "एक्स-रेसारखं काही? कंपनीतलं एखादं जुनं यंत्र? जड, शिशाचं?"

मी नाही म्हणणार होते. माझ्या आधी मुक्ताने फोन काढला. पूजेचा फोटो शोधला, मग दुसरं काहीतरी शोधत बसली. मला वाटलं ऑफिसचं काम करते आहे, आणि मी तिला ओरडणार होते. तेवढ्यात तिने फोन माझ्यासमोर धरला. शहराबाहेरच्या एका कारखान्यातून टाकीतल्या मालाची पातळी मोजणारं यंत्र चोरीला गेलं आहे, त्याच्या आत किरणोत्सारी तुकडा आहे, कोणाला दिसलं तर हात लावू नका, अशी बातमी. बातमीसोबत फोटो. तेच धूड. फक्त डोक्यावर झेंडू नव्हता.

"आई, हेच ना?"

डॉक्टर उभ्या राहिल्या. "आतला तुकडा कुठे आहे?"

"कारखान्यात. माळ्यावर, दिवाळीच्या सामानामागे, चहाच्या जुन्या डब्यात."

"नक्की?"

"माझ्या घरातली वस्तू कुठे आहे हे मला नक्की माहीत असतं."

मग लक्षात आलं. त्या माळ्याच्या खालच्या बाजूला, दुकानाच्या भिंतीपलीकडे, आमचे हे गल्ल्यावर बसतात. रोज. आत्तासुद्धा. आजारपणात मी फक्त त्या एका क्षणी रडले. हातासाठी नाही.

मुक्ताने बाबांना फोन करून दुकानाबाहेर काढलं. डॉक्टर दुसऱ्या फोनवर किरणोत्साराच्या पथकाशी बोलत होत्या. मग मुक्ताने काकाला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"काका, ते शिशाचं धूड कुठे आहे?"

"विकलं."

"का?"

"मोड आहे, विकणारच ना."

"काका."

तिकडची रहदारी कमी झाली, ते कुठेतरी आडोशाला गेले. मग म्हणाले, "पोलीस फिरत होते भंगारवाल्यांकडे. नोटीस लावली होती. चोरीचा माल म्हणून आपल्यावर आलं असतं."

"नोटिशीवर काय लिहिलं होतं?"

"धोकादायक आहे म्हणून."

"आणि आईला सांगितलं नाही?"

"मी मागितली होती तिच्याकडे कांडी. तिनेच दिली नाही."

शोध

शोधाचं मी ऐकलेलं सांगते, मी वॉर्डात होते. पथकाने आळी रिकामी केली. माणसांच्या हातात टिकटिकणारी यंत्रं, लांब दांड्याचे चिमटे, आणि जाड शिशाचं भांडं. आमच्या ह्यांनी रस्त्यावर उभं राहून त्यांना जागा सांगितली. डबा तिथेच होता. त्यांचा प्रमुख म्हणाला म्हणे, "लोक आम्हाला चार गोदामं फिरवतात. असं सांगितल्या जागी पहिल्यांदाच मिळालं." शिशाचं धूड एका भंगारवाल्याकडे सापडलं, वितळवायच्या आधी. चोरही पकडले, असं पेपरात आलं.

ह्यांची आणि कारखान्यातल्या माणसांची रक्ततपासणी झाली. सगळी ठीक निघाली. कांडी माळ्यावर लांब गेली ती माझ्या आवराआवरीमुळे, हे मी इथे लिहून ठेवते, कारण दुसरं कोणी म्हणणार नाही. भाऊजींच्या दोन बोटांची सालं निघाली. तेवढंच.

वॉर्ड

सकाळी ड्रेसिंग. त्याच्या आधी गोळी, गोळीच्या आधी भीती. माझ्या शेजारी स्टोव्हने भाजलेली एक बाई होती. तिचं ड्रेसिंग आधी व्हायचं, म्हणजे माझी भीती आवाजासकट सुरू व्हायची. मी ओरडणार नाही असं ठरवून गेले होते. वॉर्डातल्या मावशींनी माझे आवळलेले ओठ बघितले.

"ओरडा ना ताई. कोणासाठी धरून ठेवलंय? इथं काय मंगळागौरीचं मुक्याचं जेवण आहे?"

ओरडले. बरं वाटलं. नव्या पेशंटला माझा पहिला सल्ला हाच.

याच मावशी माझ्या कॉटवर टेकून माझ्या डब्यातली भाजी खायच्या. हे मुद्दाम लिहिते, कारण माझी सख्खी जाऊ दारात मास्क लावून उभी राहिली आणि तिथूनच "काळजी घ्या" म्हणाली. डॉक्टरांनी सगळ्यांना समजावलं होतं: काकूंच्या अंगात काही उरलेलं नाही. दिवा खोलीतून बाहेर नेला की खोलीत उजेड उरत नाही, तसं. भाजलं ते भाजलं, पण त्यांच्यापासून कोणाला काही होणार नाही. जावेचं शिक्षण माझ्यापेक्षा जास्त आहे. ती दारातच राहिली.

कंपनीचा माणूस आला. हातात फळांची करंडी, करंडीखाली कागद.

"मॅडम, झालं ते फार वाईट झालं. पण बघा, आमच्याकडेही चोरी झाली आहे. एका अर्थी आम्हीसुद्धा बळीच आहोत."

"मग शेजारची कॉट रिकामी होतेय. आडवे व्हा."

तो हसला. मी हसले नाही. कागदावर सही हवी होती. यंत्र बंद शेडमध्ये कुलपाविना पडलं होतं आणि नसल्याचं लक्षात येईपर्यंत ते बाजार फिरून आलं होतं, हे त्या कागदात कुठेच नव्हतं. मी उजवा हात उशीखाली घातला. "डावखुरी आहे मी," म्हटलं. फळं मावशींना दिली.

वाट बघणं

या भाजण्याची खोड अशी की ते एकदाच भाजून थांबत नाही. आज चांगली दिसणारी कातडी पंधरवड्याने काळी पडते. डॉक्टर कापायची घाई करत नव्हत्या, कारण कुठपर्यंत मेलं आहे ते हातालाच ठरवू द्यायचं होतं. रोज सकाळी पट्टी सुटली की मी आधी अंगठा बघायचे. अंगठा गेला तर हात म्हणजे नुसतं वल्हं. तार धरता येणार नाही, पकड धरता येणार नाही, साडीच्या निऱ्या घालता येणार नाहीत. तर्जनीवर मी कधीच पाणी सोडलं होतं. माझं भांडण अंगठ्यासाठी चाललं होतं.

आमचे हे रोज दुपारी यायचे. एकदा संत्रं सोलता सोलता म्हणाले, "प्रमोद घाबरला होता गं, शैला. पोलिसांचं नाव ऐकून भल्याभल्यांचं तसं होतं."

"मीसुद्धा घाबरले असते. मला घाबरायची संधीच दिली नाही त्याने."

"तो भाऊ आहे माझा."

"माहितेय. म्हणून अजून त्याला भाऊजी म्हणतेय."

संत्रं सोलून झालं. फोडी त्यांनी एकेक करून माझ्या उजव्या हातात दिल्या. आम्ही त्या विषयावर पुन्हा बोललो नाही, आणि ते बरं नव्हतं. आजारी माणसाच्या घरात जे बोलायचं टाळतात ते डब्यातून रोज वॉर्डात येतं.

भाऊजी स्वतः एकदा आले. कॉटच्या पायथ्याशी उभे राहिले. मी विचारलं, "त्या दुपारी 'कशाला' म्हटलं तेव्हा एकच शब्द बोलायचा होतात. 'टाका.' एवढाच. का नाही बोललात?"

"मग तुम्ही का ते विचारलं असतं."

"हो. विचारलं असतं."

स्वतःचं उत्तर त्यांना पुरेसं वाटत होतं. मी पांघरूण ओढून कूस बदलली.

शेवटी थंडी संपता संपता ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर मी बँडेजच्या आत अंगठा हलवून पाहिला. हलला. डॉक्टर कॉटजवळच उभ्या होत्या. "राहिलाय, काकू," म्हणाल्या. मी आभार मानले की नाही आठवत नाही. इथे मानते.

आळी

घरी आले तर कामवाली गेलेली. चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी दुकानाच्या आळीतल्या सगळ्यांना बोलावलं. डाळ वाटून ठेवली, पन्हं केलं. आल्या दोघी. बाकीच्यांच्या घरी अचानक पाहुणे आले होते. त्या दोघींतली एक पन्हं पिताना हळूच म्हणाली, "राग मानू नका, पण अंधारात चमकतो का हो तो हात?"

"नाही ना. चमकला असता तर तुमच्या जिन्यात उभी राहिले असते. तिथला दिवा गेल्या वर्षापासून बंद आहे."

ती बिचारी आली तरी होती. न आलेल्यांना हे ऐकवायला मिळालं नाही, याचं वाईट वाटतं.

आता कामाचं. जखम भरत नसेल आणि डॉक्टर कारण न शोधता नुसतं मलम बदलत असतील, तर सरळ भाजलेल्यांच्या विभागात जा. हातात काय धरता ते सांगताना 'इतर' लिहू नका, प्रत्येक वस्तू नावाने सांगा. मोडीत जड, शिशाचं, बंद असं काही आलं तर ते उघडू नका, आणि पट्टी पुसण्याआधी तिच्यावर काय आहे ते वाचा. तीन पात्यांची खूण असेल तर लांब व्हा आणि पोलिसांना कळवा. चोरीच्या मालाची चौकशी झाली तर होऊ द्या. चौकशी संपते.

यंदाची खंडेनवमी

मी पुन्हा कड्या करते. अंगठा आणि मधल्या बोटात खिळा धरते, वेळ जास्त लागतो. कड्या पूर्वीइतक्या एकसारख्या होत नाहीत. गिऱ्हाइकांना तो हातकामाचा गुण वाटतो.

या खंडेनवमीला हत्यारं नेहमीप्रमाणे पाटावर मांडली. भाऊजी आंघोळ करून, नवा सदरा घालून आले. हातात कागदात गुंडाळलेली नवी हातोडी. त्यांनी ती दोन्ही हातांनी पुढे केली.

"वहिनी, नवं हत्यार. पहिला हात तुमचा."

मागे आमचे हे उभे होते, मुक्ता उभी होती, जाऊ दारात होती. सगळ्यांना वाटत होतं की मी ती हातोडी घ्यावी. घेतली की झालं, वर्ष मागे पडलं, जेवायला बसायला मोकळे.

मी हात मागे बांधले.

"यंदा पहिला हात तुमचा, भाऊजी. धुवा आणि धरून बसा."

"किती वेळ?"

"आज कारखाना बंदच आहे. दिवसभर धरा. मी उद्या बघीन."

भाऊजींनी हातोडी धुतली आणि पाटाशेजारी मांडीवर घेऊन बसले. मी समई लावली, काडी अंगठा आणि मधल्या बोटात धरून, डाव्या हाताने. मग आत जाऊन पानं वाढली. त्यांचं ताट मी तिथेच नेऊन ठेवलं. उजवा हात गुंतलेला होता, म्हणून ते डाव्या हाताने जेवले.